दार उचलतं कोण? आमच्या गॅरेज ओपनरचं प्रकरण, मोजमापांसकट

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचं घर आहे, १९८९ साली बांधलेलं. खाली दोन गाड्यांचं गॅरेज आणि त्याच्या बरोब्बर डोक्यावर पाहुण्यांची खोली. महाराष्ट्रात गॅरेज म्हटलं की गाडी दुरुस्त करायची जागा डोळ्यांपुढे येते. इथे गॅरेज म्हणजे घरालाच जोडलेली, गाडी ठेवायची खोली. तिचं दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच, बिजागऱ्यांनी जोडलेल्या चार आडव्या पोलादी फळ्यांचं. दोन्ही बाजूंच्या ट्रॅकमधून ते वर सरकतं आणि छताखाली आडवं होऊन थांबतं. ते उघडणारी-मिटणारी मोटार छताला टांगलेली असते, तिला इथे सगळे ओपनर म्हणतात. आमचा ओपनर घराइतकाच जुना होता, चेनवाला, म्हणजे साखळीने दार ओढणारा.

तो बदलायचा विषय निघाला सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले तेव्हा. नवऱ्याला मेट्रोपार्क स्टेशनवरून पहाटेची ट्रेन पकडायची असते, त्यामुळे ५ वाजून ४० मिनिटांनी दार उघडतं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना आई म्हणाल्या, "अगं, रोज पहाटे उशीखाली पिठाची गिरणी सुरू होते. एकदा सुरू होते, थांबते, मग परत सुरू होते." उघडताना एकदा, मिटताना एकदा. त्या तक्रार करत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. पण ७२ वर्षांच्या बाईची झोप एकदा मोडली की पुन्हा लागत नाही, हे मला घरात रोज दिसत होतं.

मी लगेच रूट वनवरच्या एका मोठ्या दुकानात गेले. विक्रेत्याने दाराचं माप विचारलं आणि मोठं दार आहे म्हटल्यावर सव्वा हॉर्सपॉवरचं, सगळ्यात ताकदीचं मशीन दाखवलं. ताकद जास्त म्हणजे मोटारीवर ताण कमी आणि ताण कमी म्हणजे आवाज कमी, असं त्याचं म्हणणं. ऐकायला पटण्यासारखं होतं. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस घरी येऊन गेला, त्याने ओपनरबरोबर अख्खं दारच बदलायचा अंदाज हातात ठेवला.

बाबा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेत. त्यांनी कधी गॅरेजचं दार पाहिलं नव्हतं, पण त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "आवाज मोटारीचा आहे की दाराचा, ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो. ओपनरपासून दारापर्यंत छताखालून एक दांडी जाते, तिच्यावरून एक लाल दोरी लोंबत असते. ती ओढली की दार मोटारीपासून सुटतं आणि हाताने हलवता येतं. ही दोरी दार पूर्ण मिटलेलं असतानाच ओढायची. दार वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर दार धाडकन खाली येतं. आम्ही मिटलेल्या दाराची दोरी ओढली आणि मी हँडल धरून उचलायला गेले. दार जेमतेम गुडघ्यापर्यंत आलं. बाबांनी दोन्ही हातांनी ते कमरेपर्यंत नेलं आणि हाताची पकड जराशी सैल करून पाहिली, तर ते खाली निघालं. त्यांनी ते सावकाश टेकवलं आणि वर पाहत विचारलं, "ह्याचं वजन कोण घेतंय?"

ह्या सगळ्या प्रकरणात कळीचा प्रश्न हाच होता. दाराच्या वरच्या अंगाला भिंतीला समांतर एक लोखंडी दांडा असतो, त्यावर पिळाच्या दोन जाडजूड स्प्रिंगा बसवलेल्या असतात. त्यांना टॉर्शन स्प्रिंग म्हणतात. दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं, त्यांवर पोलादी केबल, आणि केबलची टोकं दाराच्या खालच्या कोपऱ्यांना. दार खाली येताना स्प्रिंगला पीळ बसतो आणि वर जाताना तो पीळ सुटत सुटत दार उचलतो. आमचं दार नंतर मेकॅनिकने मोजलं, ७७ किलो भरलं. त्यातलं जवळजवळ सगळं वजन स्प्रिंगांनी पेलायचं असतं. ओपनरने फक्त दिशा द्यायची, हलकंसं ढकलायचं आणि ठरल्या जागी थांबवायचं. बाबांनी ते आपल्या भाषेत सांगितलं: "एसटीचे पाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगा, बसले की गाडी एका अंगाला झुकते, आणि लोक येऊन सांगतात, इंजिन ओढत नाही."

किती वजन शिल्लक राहतंय ते मोजायचं होतं. भारतवारीच्या आधी बॅगा तोलायला आपल्या सगळ्यांच्या घरी तो हुक असलेला छोटा काटा असतो. मी तो आणला, हुक दाराच्या हँडलमध्ये अडकवला आणि दार जमिनीवरून सुटेपर्यंत सरळ वर ओढला. २१ किलो. विमानाच्या एका चेक-इन बॅगेला दोन किलो कमी, एवढं वजन आमचा ओपनर दिवसातून सहा-सात वेळा उचलत होता. तोल नीट असलेलं दार चार-पाच किलोंत सुटायला हवं, आणि मध्यावर सोडलं तर तिथेच थांबायला हवं.

मग एवढी वर्षं हे दार उघडत कसं होतं? उत्तर मशीनच्या मागच्या बाजूला सापडलं. तिथे दोन छोटे स्क्रू असतात, एक वर जाण्याच्या जोरासाठी, एक खाली येण्याच्या. दोन्ही शेवटपर्यंत पिळलेले होते. आधीच्या कोणीतरी, दार अडायला लागल्यावर, स्प्रिंगकडे न बघता मोटारीचा जोर वाढवून ठेवला होता. हे पाहून मला बरं वाटलं नाही, कारण हा जोर कशासाठी मर्यादित ठेवलेला असतो ते मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. दाराखाली काही आलं की मशीनला अडथळा जाणवून ते उलट फिरायला हवं. जोरच कमाल केला, तर अडथळा त्याला अडथळा वाटतच नाही.

ह्याची तपासणी सोपी आहे आणि ज्याच्याकडे असं दार आहे त्याने आजच करावी. इथे 'दोन बाय चार' ह्या नावाने मिळणाऱ्या फळीचा तुकडा दाराच्या मधोमध जमिनीवर आडवा ठेवायचा, म्हणजे त्याची उंची दीड इंच होते. मग बटण दाबून दार मिटायचं. लाकडाला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत ते परत वर निघालं पाहिजे. आम्ही लाल दोरीची जोडणी पुन्हा केली, लाकूड ठेवलं आणि बटण दाबलं. दार लाकडावर आलं, थांबलं नाही, दाबतच राहिलं. वरची दांडी धनुष्यासारखी वाकली, मोटार गुरगुरली आणि तशीच बंद पडली. दार लाकडावर दाबलेलंच राहिलं. चार वर्षांची मुलगी पायरीवर उभी राहून हे बघत होती. त्या क्षणापासून हा विषय आईंच्या झोपेपुरता उरला नाही.

अमेरिकेत लहान मुलं अशा दारांखाली सापडून दगावल्यानंतर १९९० साली संसदेने कायदा केला. १ जानेवारी १९९३पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला दाराच्या दोन्ही बाजूंना सेन्सर, किंवा तितकंच संरक्षण देणारी दुसरी सोय, सक्तीची झाली. हे सेन्सर जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर नसावेत, म्हणजे रांगणारं मूलही त्यांच्यामधल्या अदृश्य किरणाच्या आड येतं आणि मिटणारं दार परत वर जातं. आमचं मशीन १९८९चं. त्याला सेन्सर नव्हतेच. होता तो उलट फिरण्याचा एकच आधार, आणि तोही त्या दोन स्क्रूंनी काढून घेतला होता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: १९९३च्या आधीचं मशीन कितीही छान चालत असलं, तरी ते काढावं. त्यावर दुरुस्तीचा एक डॉलरही घालू नये.

रिमोटचीही तीच गत. आतमध्ये खाली-वर होणारे छोटे खटके होते, तेवढाच त्याचा संकेतांक, आणि तो कायम एकच. अशा १२ खटक्यांच्या रिमोटचे सगळे मिळून ४,०९६ संकेत होतात. २०१५ साली सॅमी कामकार ह्या सुरक्षा संशोधकाने एका खेळण्यात थोडे फेरफार करून असे सगळे संकेत दहा सेकंदांच्या आत पाठवून दाखवले होते. नव्या रिमोटचा संकेत बटण दाबताना दर वेळी बदलतो.

तर नवा ओपनर घ्यायचा हे नक्की झालं, पण बाबांच्या आग्रहाने आधी दार नीट केलं. स्प्रिंग बदलायचं काम आम्ही स्वतः केलं नाही आणि कोणी करू नये. मेकॅनिक स्प्रिंगच्या टोकाच्या भोकांत दोन सळया आळीपाळीने घालून पाव-पाव फेरा पीळ भरत होता. सात फुटी दाराला असे सुमारे तीस पाव-फेरे लागतात. त्याने मान सतत एका बाजूला ठेवली होती. सळई सुटली तर ती चेहऱ्यावर येऊ नये म्हणून. बाबा हे बघत होते आणि मध्ये एक शब्द बोलले नाहीत. जुन्या स्प्रिंगा उतरवल्यावर दिसलं की एक मूळची होती आणि दुसरी नंतर कधीतरी बदललेली, तारही वेगळ्या जाडीची. दोन्ही स्प्रिंगा नेहमी जोडीने बदलायच्या असतात. एकच बदलली तर दाराचा तोल बिघडू शकतो.

इथे आयुष्याचाही हिशेब कळला. साध्या स्प्रिंगा दहा हजार वेळा उघड-मीट होईल इतपत बनवतात. आमचं दार दिवसाला सहा वेळा उघडतं, म्हणजे वर्षाला सुमारे २,२००. साडेचार वर्षांत आयुष्य संपलं. जास्त लांब आणि जाड तारेच्या, २५ हजारवाल्या स्प्रिंगा ८० डॉलर जास्त देऊन मिळत होत्या, त्या अकरा वर्षं जातात. आम्ही त्या घेतल्या. सोबत झिजलेले दहा पोलादी रोलर काढून नायलॉनचे बसवले. सगळे मिळून ४२० डॉलर झाले.

मेकॅनिक गेल्यावर आम्ही जुन्याच ओपनरने एकदा दार उघडून पाहिलं. मी खाली, आई वर खोलीत. त्या जिन्यावरून खाली येत म्हणाल्या, "अर्धा आवाज गेला की गं." नवं मशीन अजून घरात आलेलंही नव्हतं. काटा लावला: चार किलो.

आता निवड सोपी झाली होती, कारण ताकदीचा प्रश्न संपला होता. चार किलोंसाठी सव्वा हॉर्सपॉवर कशाला? जड लाकडी दार असेल, दीड-दोनशे किलोंचं, तर मोठं मशीन घ्यावं. आमच्यासारख्या पोलादी दाराला पाऊण हॉर्सपॉवर भरपूर होतं. आणखी एक, डीसी मोटारीच्या खोक्यावर जी हॉर्सपॉवर छापतात ती 'एवढ्याच्या तोडीची' अशा अर्थाने असते, त्यामुळे दोन खोक्यांवरच्या आकड्यांची थेट तुलना करण्यात अर्थ नसतो.

चेनचं मशीन सगळ्यात स्वस्त आणि टणक. गॅरेज घरापासून सुटं असेल तर मी तेच घेईन. डोक्यावर झोपायची खोली असेल तर घेऊ नये. स्क्रूचं मशीन म्हणजे लांब आटेवाल्या दांड्यावर सरकणारं. ते थंडी-उन्हाच्या फरकाला तोंड देताना कुरकुरतं, आणि आमच्याकडे जानेवारीत पारा शून्याखाली असतो नि जुलैत पस्तिशीला जातो. ते मी फार विचार न करता बाजूला ठेवलं.

भिंतीवरच्या मशीनचा मोह मात्र खरा होता. ते छताला टांगत नाहीत, स्प्रिंगच्या दांड्याच्या टोकालाच बाजूच्या भिंतीवर बसवतात आणि ते दांडाच फिरवतं. छताला मोटारच नाही म्हटल्यावर तिची थरथर वरच्या खोलीच्या तुळयांत जायचा प्रश्न उरत नाही. आमच्यासाठी सर्वांत योग्य तेच, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. मग टेप घेऊन गेले. डाव्या बाजूला ट्रॅक आणि भिंत ह्यांच्यामध्ये पाण्याचा पाइप, उजव्या बाजूला गॅसचं गरम पाण्याचं टाकं. दोन्हीकडे मशीन बसेल एवढी जागा नव्हती, आणि पाइप हलवायचा खर्च मशीनपेक्षा जास्त. ज्यांच्याकडे दांडा टॉर्शन स्प्रिंगचा आहे, बाजूला मोकळी जागा आहे, जवळ विजेचा प्लग आहे आणि वर कोणी झोपतं, त्यांनी जास्त पैसे देऊन तेच घ्यावं. मला ते मिळालं नाही ह्याची थोडी चुटपूट अजून आहे.

उरला बेल्ट. चेनच्या जागी आत पोलादी धागे असलेला रबरी पट्टा, आणि डीसी मोटार, जी सुरू होताना आणि थांबताना सावकाश होते. जुनी मोटार एकदम झटका देऊन सुरू व्हायची. आईंची झोप त्या पहिल्या झटक्यानेच मोडायची. आम्ही ३१० डॉलरचं पाऊण हॉर्सपॉवरच्या तोडीचं बेल्टचं मशीन घेतलं, आत बॅटरी असलेलं.

बॅटरीचा हट्ट माझा. ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा आम्ही ह्याच भागात भाड्याने राहत होतो. न्यू जर्सीत लाखो घरांची वीज गेली, आमचीही सहा दिवस नव्हती. तेव्हाच्या शेजारणीला गॅरेजचं दार उचलेना आणि गाडी आत अडकून पडली. कॅलिफोर्नियात तर २०१७च्या वणव्यांत दार उघडता न आल्याने माणसं गेली, आणि १ जुलै २०१९पासून तिथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला बॅटरी सक्तीची केली. आमच्या राज्यात तशी सक्ती नाही. मी तरीही बॅटरीशिवाय घेणार नाही.

मोबाइलवरून दार उघडायची सोय आता जवळपास प्रत्येक मशीनला येते. मी ती आठवड्याभराने चालू केली. दूरवरून दार मिटवताना मशीन आधी निदान पाच सेकंद बीप वाजवून दिवा लुकलुकवतं, तो नियमच आहे, आणि चांगला आहे.

बसवायचं काम नवऱ्याने आणि बाबांनी एका रविवारी केलं. बाबांनी जुन्या लोखंडी पट्ट्या पुन्हा वापरू दिल्या नाहीत. तुळई आणि पट्टी ह्यांच्यामध्ये त्यांनी जाड रबरी चकत्या घातल्या आणि बोल्ट घट्ट आवळण्याऐवजी रबर जरासं दबेल इतपतच आवळले. "फार आवळलंस तर रबराचं लाकूड होतं," असं ते नवऱ्याला म्हणाले. दाराच्या सगळ्यात वरच्या फळीला आडवी पोलादी पट्टीही लावली, कारण ओपनरचा हात तिथेच ओढतो आणि पातळ पत्रा तिथेच वाकतो.

दोन गोष्टींनी त्रास दिला. पहिली, रिमोट अंगणाच्या तोंडापासून चालेना, अगदी दाराशी येऊन दाबावा लागे. आम्ही रिमोटची बॅटरी बदलली, मशीनची अँटेना सरळ केली, काही फरक पडेना. शेवटी मशीनमधला दिवा काढला आणि रिमोट रस्त्यावरून चालला. आम्ही घरात पडलेला एक स्वस्त एलईडी बल्ब त्यात लावला होता. काही एलईडी बल्ब रेडिओ लहरींमध्ये इतकी खरखर करतात की मशीनला रिमोटचं ऐकूच येत नाही. ओपनरसाठी म्हणून विकले जाणारे बल्ब मिळतात, तो लावल्यावर प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट कळायला नोव्हेंबर यावा लागला. आमचं दार नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. दुपारी साडेतीन-चारला दार मिटताना अर्ध्यावरून परत वर जायचं, बाकी वेळी व्यवस्थित. तिरपं ऊन थेट एका सेन्सरच्या डोळ्यात शिरत होतं आणि त्याला समोरचा किरण दिसत नव्हता. दोन सेन्सरांपैकी एक किरण पाठवतो, दुसरा घेतो. त्यांची अदलाबदल केली, म्हणजे घेणारा सावलीच्या बाजूला गेला, आणि दार मिटायला लागलं. अशा वेळी काही जण वैतागून दोन्ही सेन्सर काढून वर छताजवळ एकमेकांसमोर बांधून ठेवतात. मी हे दोन घरांत डोळ्यांनी पाहिलंय, आणि दोन्ही घरांत लहान मुलं आहेत. हे करू नका.

लाकडाचा तुकडा आता दाराजवळच भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलगी तो मधोमध ठेवते आणि बाहेर येऊन माझ्याजवळ उभी राहते, मग मी बटण दाबते. दार टेकतं आणि तिचे "एक, दोन" मोजून व्हायच्या आत वर निघतं. बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंग ह्यांवर वर्षातून दोनदा गॅरेजच्या दारासाठीचा स्प्रे मारतो. ट्रॅकला काही लावत नाही, तो फक्त फडक्याने पुसतो. बाबांनी गॅरेजच्या आतल्या भिंतीवर, एसटीच्या गाडीवर देखभालीच्या तारखा लिहितात तशा, मार्करने तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत: स्प्रिंग बदलल्याची तारीख, मशीन बसवल्याची तारीख आणि दार किती किलोंत सुटलं तो आकडा.

आईंच्या झोपेचं सांगायचं तर मशीन बसल्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज ह्याला सुट्टी आहे का? गाडी गेल्याचं कळलं नाही." नवरा तेव्हा ट्रेनमध्ये होता.

मार्चमध्ये त्या दोघांची परतीची तिकिटं होती. बॅगा भरायला मी तोच काटा कपाटातून काढला, तर बाबा तो माझ्या हातातून घेऊन आधी खाली गॅरेजमध्ये गेले. लाल दोरी ओढून त्यांनी हुक अडकवला आणि एका हाताने दार उचललं. साडेचार किलो. तो आकडा भिंतीवर चौथ्या ओळीत तारखेसह लिहिला आणि मग वर येऊन काटा माझ्या हातात दिला.